दोन घरचं गोड औषध

मक्याची मळणी म्हणजे अंगाला खाज आणि तोंडाला कुलूप. यंत्र एकदा घरघरायला लागलं की शेजारच्या बाईनं आपल्या नावानं शंख केला तरी ऐकू येत नाही. म्हणून त्या दिवशी आमच्या शेजारच्या दोघी जावा अगदी खुशीत होत्या. थोरली कणसं यंत्रात टाकत होती, धाकटी खाली पडलेले दाणे ओढत होती, आणि एकमेकींशी न बोलायला दोघींना फुकटचं कारण मिळालं होतं. एरवी त्या न बोलण्यासाठी बिचाऱ्यांना केवढे कष्ट पडायचे!

मी त्यांच्या कुंपणाला कुंपण लावून राहते. आमच्या ह्यांचा टेम्पो आहे, म्हणून सगळं गाव मला टेम्पोवाली म्हणतं. आज मी त्यांच्या मळणीला जायचं, उद्या त्यांनी माझ्या, असं आमचं चालतं. त्यामुळं त्या घरात काय शिजतं ते मला झाकण न काढता कळतं. आणि कळलं की मी बोलते. पोटात ठेवायची सवय मला नाही, उगाच पोट दुखतं.

दोघे भाऊ वेगळे झाले, घराच्या मधे भिंत उभी राहिली. अंगण मात्र एकच राहिलं. त्या अंगणात एक शेळी बांधलेली असायची. जावांना एकमेकींना काही सांगायचं झालं तर त्या शेळीला सांगायच्या. "ए बाई, कुणीतरी धुण्याची दोरी सगळी अडवून ठेवलीय गं," असं धाकटी शेळीला म्हणायची. मग थोरली बाहेर येऊन शेळीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणायची, "ज्यांना घाई आहे त्यांनी लवकर उठावं, नाही का गं?" लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथं लेकीच्या जागी शेळी. ते जनावर बिचारं दोघींकडं बघत रवंथ करायचं. त्या घरात शहाणं तेवढं तेच होतं.

भांडण होतं ते भुंग्यावरून. भुंग्या म्हणजे धाकटीचा तीन वर्षांचा पोरगा. नाव वेगळंच आहे, पण थंडी पडली की, नाहीतर धूळ उडाली की, त्याच्या छातीत भुंगा गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टरनं बालदमा सांगितला, गावानं भुंग्या केला. आता झालं असं की हा जन्मला तेव्हा धाकटी तापानं अंथरुणाला खिळली. उठून बसायला तिला कित्येक महिने लागले. थोरलीच्या दोन्ही मुली लग्न होऊन लांब गेलेल्या, घर खायला उठलेलं. तिनं पोर उचललं, बोंडल्यानं दूध पाजलं, रात्र रात्र खांद्यावर घेऊन फिरली. धाकटी बरी झाली तेव्हा पोर थोरलीला चिकटलं होतं. तिला म्हणायचं 'मोठी आई', आणि हिला नुसती 'आई'. तेही कुणी शिकवल्यावर.

"मोठी म्हणे!" धाकटी माझ्याकडं येऊन जळफळायची. "मग मी काय, बारकी? नऊ महिने पोटात मी वागवलं, आणि मोठी ती?"

"अगं, लहान आहे. कळेल त्याला."

"कधी कळेल? लागलं, खरचटलं की तिकडं पळतं. मी हात पसरून उभी असते, आणि ते माझ्या हाताखालून वाकून तिच्याकडं जातं. तुला नाही कळायचं ते."

मला कळत होतं. पण माझ्या कळण्यानं तिला काय मिळणार?

थोरलीही काही कमी नव्हती बरं का. धाकटीनं खपून पोराला स्वेटर विणला, तर हिनं तो घरात नेऊन काढला. का, तर लोकरीनं छाती खाजते. आणि पोर बाहेर आलं ते हिनं शिवलेल्या सुती बंडीत. त्या दिवसापासून शेळीचं काम सुरू झालं.

मळणीच्या दोनच दिवस आधी पोराची छाती वाजायला लागली. धाकटी त्याला घेऊन एकटीच डॉक्टरकडं गेली. थोरलीला विचारलं नाही. डॉक्टरनं लाल रंगाचं पातळ औषध दिलं. बाटलीच्या टोपणावर आतून रेघ होती. त्या रेघेपर्यंत, ठरल्या वेळी, त्यावर एक थेंब नाही, असं बजावून सांगितलं. औषध होतं गोड, संत्र्याच्या गोळीसारखं. पोरानं पहिल्या घोटालाच टोपण चाटून पुसून दिलं.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. "दूध मी पाजायचं आणि दवाखान्यात तिनं मिरवायचं?" मला म्हणाली. "तिला काय आठवण राहणार? सकाळी उठून रानात जाते ती. औषध चुकलं म्हणजे पोराचा जीव जायचा." मी म्हटलं, वहिनी, विचारा तिला दिलं का म्हणून. तर म्हणाली, "मी विचारू? तिला?" आणि दुसऱ्या दिवशी धाकटीनं फेकलेलं रिकामं खोकं पदराखाली घेऊन गेली औषधाच्या दुकानात. तिथं तेच नाव बघून दुकानदारानं दुसरी बाटली दिली. ही बाटली मोठ्या मुलांची, जास्त जोराची. ते ना त्यानं सांगितलं, ना हिनं विचारलं. टोपण कुठंतरी पडलं, तर हिनं जेवणाचा चमचा काढला. घरात चमचा असताना टोपण कशाला, हा हिचा हिशेब.

हे सगळं मला नंतर कळलं. मळणीच्या दिवशी मला एवढंच दिसत होतं की पोर झाडाखालच्या पोत्यावरून उठतं, एकदा आईकडं जातं, एकदा मोठ्या आईकडं जातं, आणि ओठ चाटत परत येतं. धाकटी धान्याच्या राशीआड जाऊन पिशवीतून काहीतरी काढत होती. थोरली यंत्राच्या पलीकडं कमरेला हात घालत होती. मला वाटलं, गोळ्या-बिस्किटं चारताहेत चढाओढीनं. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, पण त्या पोराचं उलटंच होतं.

दुपारी जेवायला यंत्र बंद झालं. धूळ खाली बसली. पोर बसेना. गोल गोल पळत सुटलं. गाल तांबडेलाल, डोळे लकाकणारे. मी एक कणीस त्याच्या हातात दिलं तर ते हातातून गळून पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा गळलं. बघते तर बोटं लटलट कापताहेत.

"अगं, ह्याला काय होतंय?" मी ओरडले.

दोघी एकदमच धावल्या. पोरानं दोघींच्या मधे भडाभडा उलटी केली. लाल उलटी. धाकटीनं किंकाळी फोडली, तिला रक्तच वाटलं. मी वाकले तर संत्र्याच्या गोळीचा वास. छातीला हात लावला तर काळीज असं धडधडत होतं की मला वेगवेगळे ठोके लागेनात, नुसती थरथर.

आमच्या ह्यांनी टेम्पो काढला. पुढं धाकटीचा नवरा बसला, थोरला मागं फटफटीवरून आला. मागच्या बाजूला आम्ही तिघी आणि पोर. पोर आईच्या मांडीवर तळमळत होतं आणि हात मोठ्या आईकडं करत होतं. थोरलीनं हात पुढं केला. धाकटीनं पोराला घेऊन अंग वळवलं, पाठ केली तिच्याकडं. त्या स्थितीतसुद्धा! थोरलीनं हात मागं घेतला आणि टेम्पोचा गज धरून बसली. दोघींपैकी एकीनं जरी तोंड उघडलं असतं ना, तरी दवाखाना गाठायच्या आत सगळं उलगडलं असतं. पण शेळी घरी राहिली होती, बोलणार कशी?

दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, वयानं आमच्या पोरीएवढ्या. त्यांनी पोराला पलंगावर घेतलं, छातीला तारा लावल्या, हाताला सुई टोचली. मग वळून विचारलं, "काय दिलं होतं ह्याला?"

धाकटी म्हणाली, "दम्याचं औषध. सकाळी एक टोपण. रेघेपर्यंत. बाकी काही नाही."

"एका टोपणानं असं होत नाही. रानात होता ना? फवारणीचं काही प्यायला का? उंदराचं औषध? नीट आठवा. मला खरं कळलं नाही तर मी भलताच उपचार करत बसेन, आणि इथं वेळ पोराचा जातोय."

धाकटी नुसती मान हलवत राहिली. नाही, नाही, काही नाही. तिचा नवरा म्हणाला, फवारणीचं तर घरातच नाही. डॉक्टरीणबाई पोराकडं बघत होत्या, पोर डोळे विस्फारून छताकडं बघत होतं.

मी थोरलीकडं बघितलं. भिंतीला टेकून उभी होती, ओठ पांढरे पडलेले. मला तेव्हा काही माहीत नव्हतं, पण एवढं दिसलं की ह्या बाईचा हात पुन्हा पुन्हा कमरेकडं जातोय. तिला कळून चुकलं होतं, आता बोललो तर पोर गेलं आपल्या हातचं. ह्यापुढं उंबऱ्यावरसुद्धा येऊ देणार नाही ही. आणि नाही बोललो, तर पोर साफच गेलं.

तिनं कमरेत हात घातला, बाटली काढली आणि पलंगावर ठेवली.

"हे मी दिलंय," म्हणाली. "सकाळी एक चमचा. मळणीवर आल्यावर एक. मग त्यानं पुन्हा मागितलं, तर पुन्हा एक. चमचा आमचा जेवायचाच."

डॉक्टरीणबाईंनी बाटली उजेडाकडं धरली. "अहो बाई, हे मोठ्या मुलांचं आहे! दुप्पट जोराचं! आणि वर एवढे मोठे चमचे? कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणी नाही. मला वाटलं, हिच्या लक्षात राहायचं नाही."

"वाटलं म्हणे! औषध म्हणजे काय साखरेचं पाणी आहे? ह्या पोराच्या औषधाला ह्यापुढं तुम्ही हात लावायचा नाही. कळलं?"

थोरलीनं मान खाली घातली. आणि खरं सांगते, खोटं कशाला बोलू, पोराचं काळीज तिकडं फडफडत असताना धाकटीचा चेहरा मला उजळलेला दिसला. क्षणभरच, पण दिसला. तीन वर्षं जे तिला जमलं नव्हतं ते एका वाक्यात झालं होतं. सुंठीवाचून खोकला गेला होता. चारचौघांत, डॉक्टरच्या तोंडानं, मोठी आई पार लहान झाली होती. मला तिचा संताप आला, आणि मला तिची दयाही आली.

डॉक्टरीणबाई नर्सला सांगायला लागल्या, "आईचं एक टोपण आणि ह्यांचे तीन चमचे. उलटीत बरंचसं बाहेर पडलंय. संध्याकाळपर्यंत नजर ठेवू, ठीक वाटलं तर घरी सोडू."

घरी सोडू म्हटल्यावर धाकटीचा नवरा हात जोडायला लागला. धाकटी मात्र जागची हलली नाही. चेहऱ्यावरचा उजेड विझला होता. तिनं नुसतं गप्प राहिलं असतं तरी भागलं असतं. गप्प राहायची सवयही होती तिला, चांगली मुरलेली. पोराचा कापणारा हात तिच्या हातात होता.

"थांबा," ती म्हणाली. "थांबा बाई. एक टोपण नाही."

"म्हणजे?"

"मीही पुन्हा पुन्हा दिलं. चार वेळा तरी. टोपण भरून. रेघ बघितली नाही."

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला तर डॉक्टरनं बजावून सांगितलं होतं ना? मग का दिलं?"

"तो माझ्याकडं आला होता," धाकटी म्हणाली.

"म्हणजे काय?"

"आपणहून आला होता हो. कधी येत नाही. पदर धरून म्हणाला, आई, गोड दे. मी दिलं, तर हसला. परत आला. मी... नाही कसं म्हणू? नाही म्हटलं असतं तर तिकडं गेला असता."

आणि मग ती रडायला लागली, मोठ्यानं. थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. आमचे हे दाराशी उभे होते, ते एकाएकी टेम्पोची काच पुसायला निघून गेले.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक शब्द वाया घालवला नाही. संध्याकाळी सोडायचं रद्द झालं. सलाइन लावलं, रक्त तपासायला पाठवलं, नर्सला पलंगापासून हलू नका म्हणून बजावलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "हे आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. घरी नेलं असतं आणि तिथं काळजाचा ताल बिघडला असता, तर मी काही करू शकले नसते."

व्हरांड्यातल्या बाकावर दोघी बसल्या. मधे मी, शेळीच्या जागी. मग थोरली समोरच्या भिंतीकडं बघून म्हणाली, "मी काही तुला दोष देत नाही."

"तुम्ही कोण दोष देणार मला?" धाकटी उसळली. "स्वतःच्या कमरेत बाटली घेऊन फिरता, आणि मला दोष देत नाही म्हणे! उपकारच केलेत की!"

"मग तू तरी कुठं रेघ बघितलीस?"

"तुम्ही माझं पोर सोडलं असतंत तर मला रेघ सोडावी लागली नसती!"

"पोर मी धरलं नव्हतं, तू आजारी पडली होतीस!"

"मग मी मुद्दाम पडले होते का आजारी?"

कितीतरी महिन्यांनी दोघी एकमेकींच्या तोंडाकडं बघून बोलल्या, आणि नर्स आतून धावत आली, गप्प बसा नाहीतर बाहेर काढीन म्हणून. दोघे भाऊ समोरच्या बाकावर एकाच वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन बसले होते. त्यांचं आपसात कधी बिनसलंच नव्हतं. वेगळे झाले ते बायकांना रोज समजावण्याचा कंटाळा आला म्हणून.

सकाळी पोराचं काळीज ठिकाणावर आलं. हात कापायचे थांबले, पेलाभर दूध प्यायलं, आणि छातीवरच्या तारा बघून 'ह्या काढा' म्हणून भोकाड पसरलं. आमच्या जिवात जीव आला.

डॉक्टरीणबाईंनी गोड औषध बंद केलं. त्याच्या जागी दाबायचा पंप दिला. त्याला एक लांबट डबा, आणि डब्याच्या तोंडाला नाकातोंडावर बसणारा मुखवटा. "दमा आहे तर औषध लागणारच, त्याला घाबरू नका," म्हणाल्या. "पण मोजून. आणि एकाच माणसानं द्यायचं. कोण देणार?"

धाकटीनं थोरलीकडं बघितलं, थोरलीनं पिशव्यांकडं.

"मला एक नाव हवंय. बोला."

"ती देईल," थोरली म्हणाली. "आई आहे त्याची." आणि पिशव्या उचलून टेम्पोकडं चालती झाली.

धाकटी पंप छातीशी धरून घरी आली. जग जिंकल्यासारखी दिसत होती. पण बाई, ही काही संत्र्याची गोळी नव्हती! मुखवटा नाकाजवळ आला की पोर जिवाच्या आकांतानं ओरडायचं. लाथा झाडायचं, तिच्या हाताला चावायचं. कसाबसा पंप दाबून झाला, तिनं हात सैल केला, की अंगण ओलांडून पळत सुटायचं मोठ्या आईकडं आणि तिच्या पदरात तोंड लपवायचं. रोज सकाळी तेच. रोज संध्याकाळी तेच. आता तर तिला लांबून बघितलं तरी पोर दाराआड दडायला लागलं.

"आधी नुसतं येत नव्हतं," ती मला म्हणाली. हाताला दातांचे वळ दिसत होते. "आता मला भितंय. मी राक्षसीण झाले त्याची. आणि ती बसलीय तिकडं देवी होऊन."

पोर रडत आलं की थोरली त्याला मांडीवर घ्यायची, पाठ थोपटायची, आणि अंगणापलीकडं उभ्या असलेल्या धाकटीकडं बघत राहायची.

मग एका सकाळी ती उठून अंगण ओलांडून आली. सरळ धाकटीच्या घरात. मी कुंपणाशी झाडत होते, हातातला झाडू तसाच राहिला.

"दे तो पंप इकडं," म्हणाली. "आजपासून मी देते."

"काय?" धाकटी कडाडली. "झालं का सुरू परत? एवढंही बघवलं नाही तुम्हाला? डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलंय? तुम्ही हात लावायचा नाही!"

"एकाच माणसानं द्यायचं असंही सांगितलंय. ते माणूस मी. त्यांना विचारून आलेय काल. कसा दाबायचा, किती मोजायचं, सगळं त्यांच्यासमोर करून दाखवून आलेय. चल, दे."

"नाही देत!"

"अगं दे म्हणते ना! तू त्या तिथं उंबऱ्यात बस. हलू नकोस."

म्हणाली ते अशा आवाजात की धाकटी खरंच जाऊन बसली. थोरलीनं पोराला मांडीत घट्ट दाबलं, मुखवटा लावला, पंप दाबला आणि मोजत राहिली. पोरानं आकांत मांडला. मोठी आई! मोठी आई असं करते? तिच्या तोंडावर चापट्या मारल्या, केस ओढले. तिनं तोंड चुकवलं नाही की डोळा पुसला नाही. मोजून झाल्यावर हात सोडले.

पोर हुंदके देत उठलं. जावं कुठं, एकदा इकडं बघितलं, एकदा तिकडं. आणि धावत सुटलं ते उंबऱ्यात बसलेल्या आईकडं. तिच्या गळ्यात हात टाकून तिच्या मानेत तोंड खुपसलं.

थोरलीनं मुखवटा धुतला, डबा पुसून फडक्यात बांधला आणि अंगण ओलांडून आपल्या घरात गेली. दार लोटून घेतलं.

संध्याकाळीही तसंच झालं, दुसऱ्या दिवशीही तसंच. पोर आता रडलं की आईकडं पळतं आणि मोठी आई दिसली की दाराआड दडतं. परवा धाकटी त्याला कडेवर घेऊन माझ्या कुंपणाशी आली. मला वाटलं, आता तरी ही बाई निवली असेल. तर डोळे रडून लाल आणि नाकपुड्या रागानं फुगलेल्या.

"बघितलंस?" म्हणाली. "पोर मला मिळालं, तर तेही हिनंच दिलं. मोठेपणसुद्धा तिनंच घेतलं. माझं म्हणून मला काही मिळवू द्यायचंच नाही ह्या बाईला!"

"मग दे जा परत," मी म्हटलं. "पंप घे तिच्याकडून, आणि पोर दे."

"देते की! मी काय भिते तिला?" ती म्हणाली, आणि पोराला आणखी घट्ट धरलं.